बारा इंची मोहरी

१८ नोव्हेंबर १९५७, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली आणि अकरावीचा वर्ग मला क्षणभर ओळखू येईना. पनवेलात वडाळे तळ्यापलीकडे सुट्टीत तंबूतला सिनेमा आला आहे. तीन आठवडे एकच खेळ चालू आहे. त्यातल्या नटाने कपाळावर केसांचा जो कोंबडा काढला आहे, तोच आता माझ्या वर्गातल्या एकोणतीसपैकी अकरा जणांच्या कपाळावर आहे. मी मोजले. टपाल नाक्यावरच्या सलूनवाल्याने आरशाशेजारी त्या नटाचं चित्र डकवलं आहे. मुलं खुर्चीत बसतात आणि चित्राकडे नुसतं बोट दाखवतात, असं तो माझे केस कापताना कौतुकाने सांगत होता.

विजारींचीही तीच गत. माझ्या विजारीची मोहरी बावीस इंच आहे. या मुलांची चौदा, तेरा. भातगिरणीवाल्यांच्या मधुसूदनची तर बारा. बाकावर बसताना तो आधी गुडघ्याशी कापड चिमटीत धरून वर ओढतो, मग बसतो.

तुळशीराम मात्र होता तसाच. खाकी अर्धी चड्डी, तेल लावून चापून बसवलेले केस. वर्गात सगळ्यांत मोठा, एकोणीस वर्षांचा, कारण शाळेत उशिरा आला. बाप काशिराम कामोठ्याच्या मिठागरात मजूर. पोरगा रोज खाडीच्या बांधाने तासभर चालत येतो, तासभर चालत जातो. त्याला मी आठवीपासून घडवला आहे. 'नाय'चं 'नाही' करायलाच दोन वर्षं गेली. गणितात या मार्चला नव्वदच्या वर घेईल. त्याच्या आळीतला पहिला एस.एस.सी. माझ्या हातून होणार.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बुधवारी तुळशीराम आमच्याकडे जेवतो. चार वर्षांचा नेम आहे. आमच्या आळीत सुरुवातीला कुजबूज झाली, पण मी बधलो नाही. ओटीवर त्याचं पान मांडतो. स्वतःचं ताट तो स्वतःच घासून ठेवतो, ते सांगावं लागत नाही.

आज माझ्या पत्नीशी, वेणूशी, मोठ्या उत्साहाने बोलत होता. मी आत पंचांग बघत होतो, ऐकू येत होतं.

"काकू, त्या खेळात तो साधा ड्रायव्हर आहे. गरीबच. पण शेठजीशी बोलताना खाली बघत नाही. खिशात हात घालून सरळ उभा राहतो."

"तू बघितलास खेळ?"

"एकदा तिकिटाने. मग चार वेळा तंबूबाहेर बसून ऐकला. आता सगळं पाठ आहे."

मी बाहेर येऊन म्हटलं, "भूमितीची प्रमेयं इतकी पाठ आहेत का?" त्याने लगेच म्हणून दाखवली. एकातही चुकला नाही. तरी मला तो संवाद आवडला नाही. खिसे असलेली गोष्टच त्याच्या अंगावर नाही, मग हे कशाला?

९ डिसेंबर, सोमवार

मुख्याध्यापकांनी शिक्षकांची सभा घेतली. संस्थेच्या मंडळींनी म्हणे बाजारात आपली मुलं पाहिली आणि 'ही शाळा आहे की तमाशाचा फड' असं विचारलं. तंग विजार आणि कपाळावरचा कोंबडा आजपासून बंद. विजार तंग आहे की नाही हे कसं ठरवायचं, असं चित्रकलेच्या मास्तरांनी विचारलं. मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले, "कमरेतून लिंबू सोडावं. ते पायाशी पडलं तर विजार सभ्य." कुणी हसलं नाही.

शिस्तीचं काम माझ्याकडे आलं. मला ते पटलं आहे. नट पैसे घेऊन नाचतो आणि ही मुलं फुकट नाचतात.

घरी सांगितलं तर वेणू म्हणाली, "तुमचा कॉलेजातला फोटो आहे की ट्रंकेत. मधोमध भांग, कोटाची कॉलर वर. मामंजी म्हणायचे, बोलपटातला नटच शिरलाय घरात."

ते वेगळं होतं. आम्हाला विचार होते.

१६ डिसेंबर, सोमवार

आज तुळशीराम विजार घालून आला.

निळसर कापडाची, पायाला चिकटलेली. केस पाण्याने वर वळवलेले, मध्ये एक बट मुद्दाम सुटी सोडलेली. फाटकातून खिशात हात घालून आला. वर्गातल्या मुलांनी शिट्टी वाजवली, पण ती चेष्टेची नव्हती, कौतुकाची होती. चार वर्षांत त्यांनी त्याचं कौतुक असं कधी केलं नव्हतं. पहिला नंबर आला तेव्हासुद्धा नाही. मधुसूदनने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

मी फळ्यावर उदाहरण घातलं. तुळशीरामने उभं राहून उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि उत्तर देताना थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. उद्धटपणे नव्हे. नुसतं पाहिलं. मला नजर फळ्याकडे वळवावी लागली.

१७ डिसेंबर, मंगळवार

प्रार्थनेच्या वेळी आज तपासणी. सगळी शाळा पटांगणात रांगेने उभी, सव्वातीनशे मुलं.

मी आधी मधुसूदनला पुढे बोलावलं. लिंबू सोडलं ते मांडीतच अडकलं. हशा पिकला, तोही हसला. मी हस्तव्यवसायाच्या कपाटातली कात्री आणवली होती. ती हातात घेतली तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून किंचित नकाराची मान हलवली. मधुसूदनचे वडील मंडळावर आहेत. "पुढच्या वेळी ध्यानात ठेव," असं म्हणून मी त्याला रांगेत पाठवलं.

कात्री हातात होती. मुलं बघत होती. तशीच परत ठेवली असती तर उद्यापासून माझं कुणी ऐकलं नसतं.

मी तुळशीरामला बोलावलं.

परक्याच्या पोराला हात लावण्यापेक्षा आपल्याला लावलेला बरा, असं मला त्या क्षणी वाटलं. त्याच्यावर माझा हक्क होता. लिंबू सोडायची मला गरज वाटली नाही. मी वाकून आधी डावा पाय मोहरीपासून गुडघ्यापर्यंत कापला, मग उजवा. कापड नवं होतं, कात्री करकरत चालली. मग कपाळावरची बट कापली. ती त्याच्या नाकावर पडली, त्याने पुसली नाही. मी म्हणालो, "चार वर्षं तुला शिकवलं ते सोंग आणायला?" शाळा हसली. लहान वर्गातली मुलं सर्वांत जास्त.

तो रडला नाही, याचं मला बरं वाटलं. खाली वाकून दोन्ही पायांची लोंबणारी कापडं त्याने मुठीत धरली आणि तसाच वाकलेला फाटकाबाहेर गेला.

दप्तर वर्गातच राहिलं आहे. ते मी शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवलं.

१८ डिसेंबर, बुधवार

तुळशीराम शाळेत आला नाही. संध्याकाळी जेवायलाही नाही. वेणूने पान मांडलं होतं. आठ वाजता तिने ते उचललं आणि न जेवता आत गेली. तिला हकीकत शेजारच्या मुलाकडून कळली होती. मी समजावून सांगू लागलो तर म्हणाली, "मला काही विचारू नका."

वर्गात अकरापैकी नऊ कोंबडे नाहीसे झाले. शिस्त म्हणून पाहिलं तर उपाय लागू पडला.

(हे सगळं गुरुवारी लिहिलं आहे. बुधवारी लिहायला बसवलं नाही.)

२९ डिसेंबर, रविवार

दहा दिवस वाट पाहून आज कामोठ्याला गेलो. बांधाने जाताना दोन्ही बाजूंना मिठाचे कोंडे, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं. रोज हा एवढी वाट चालून आठच्या आत शाळेत कसा यायचा, ते मला आजवर ठाऊक नव्हतं. मी दोनदा बसलो.

काशिराम झोपडीबाहेर फावडं धूत होता. मला पाहून धावत आला, अंगणात घोंगडी टाकली. त्याची बायको हौसा दारात पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मुलगा दिसला नाही.

"कोंड्यावर गेलाय," काशिराम म्हणाला. "मास्तर, चूक पोराची हाय. तुमी देवमानूस. आमी त्याला बोललो, मास्तरांनी कापली त्ये बरा केला."

मी म्हणालो, "पण अशी विजार शिवायला तुम्ही परवानगी दिलीत कशी?"

तो ओशाळला. "कापड दीड वारच व्हता, मास्तर. हिच्या भावानं लग्नात आहेर केलेला. आमच्या शिंप्यानं सांगितला, दीड वारात मोठ्या मानसाची ढगळ पँट व्हनार नाय, नव्या तर्‍हेची बारा इंची व्हईल. पोरगा बोलला, तशीच पायजे, सिनेमात तशीच हाय. मी बोललो, शिव. एकुनीस वर्साचा झाला, चड्डी घालून किती दिस जानार? पोरा त्याला बाबा बोलतात वर्गात."

"बाबा?"

"चड्डीतला बाबा."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या वर्गात हे चालत होतं आणि मला माहीत नव्हतं.

हौसा दारातून पहिल्यांदाच बोलली. "पहिल्या दिशी घातली तवा त्यानं मना तळ्यातल्या पान्यात दाखवली. बोलला, आये, बघ, मी कसा दिसतंय." एवढं बोलून ती आत गेली.

मी काशिरामला सांगितलं की परीक्षेला दोन-अडीच महिने राहिलेत, मुलाला पाठवा, झालं गेलं मी विसरलो आहे. तो म्हणाला, "मी सोता घेऊन येतंव. तुमचा मान राखून आनतंव."

परत येताना हलकं वाटलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

काशिराम बोलल्याप्रमाणे आला. मधल्या सुट्टीत, पटांगणातून, मुलाचं मनगट धरून. तुळशीरामच्या डोक्याचा गोटा केला होता. सगळे केस. वस्तऱ्याने दोन ठिकाणी कापलं होतं. अंगात जुनी खाकी चड्डी.

"मास्तर, हा घ्या. केसाच्या पायी सगला झाला, केसच ठेवला नाय. पड पाया."

तुळशीराम माझ्या पाया पडला. मुख्याध्यापक व्हरांड्यातून पाहत होते. ते खाली येऊन काशिरामला म्हणाले, "असे पालक असतील तर देशाचं भलं होईल." काशिरामचे डोळे भरून आले. त्याच्याशी मुख्याध्यापक आजवर बोलले नव्हते.

मला समाधान वाटलं. दप्तर मी स्वतः त्याच्या हातात दिलं. शेवट गोड झाला असं वेणूला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "तो काही बोलला?"

आता आठवलं. काही बोलला नाही.

१५ जानेवारी १९५८, बुधवार

काल संक्रांत. आज तुळशीरामला बळेच जेवायला आणलं. वेणूने त्याचं पान ओटीवर मांडलं नाही. आत, स्वयंपाकघरात मांडलं, माझ्या पानाशेजारी. माझ्या घरात हे कधी झालं नव्हतं.

"आत ये रे," ती म्हणाली. "गुळाची पोळी केली आहे."

तो पायरीवर उभा राहिला. "नाय काकू, पोट भरलंय."

"एक घास."

"नाय."

तिळगूळ घेतला, नमस्कार केला, गेला. चार वर्षांच्या मेहनतीनंतर पुन्हा 'नाय'. मी त्याला अडवून शब्द दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण वेणू माझ्याकडे अशी पाहत होती की राहून गेलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

तुळशीराम रोज येतो. शेवटच्या बाकावर बसतो. विचारलं तर उत्तर देतो, तेही बरोबर. आपणहून हात वर करत नाही. वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतो. वात्रटपणा पूर्ण गेला आहे. परीक्षेच्या दृष्टीने ही शांतता चांगलीच, असं मी मुख्याध्यापकांना म्हणालो.

संस्थेच्या वार्षिक अहवालात शिस्तीबद्दल माझा उल्लेख होणार आहे.

मधुसूदन कालपासून पुन्हा तंग विजार घालून येतो. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

१० मार्च, सोमवार

आज सकाळी तुळशीरामला गाठून म्हटलं, "परवापासून परीक्षा. माझी एकच इच्छा आहे, तू त्या बाकावर बसलेला मला दिसू दे. बाकीचं आपोआप होईल."

"बसतो, सर."

एवढं तरी बोलला.

१९ मार्च, बुधवार

गणिताचा पेपर झाला. केंद्र आमच्याच शाळेत, पण पर्यवेक्षक बाहेरगावचे असतात. त्यातले पेणचे एक गृहस्थ चहाच्या वेळी मला सहज म्हणाले, "तुमचा तो खाकी चड्डीतला मोठा मुलगा, आजारी आहे का? पहिल्या दिवसापासून पाहतोय. नंबर लिहितो, हात मांडीवर ठेवतो आणि तीन तास बसून राहतो. आजही कोरा पेपर दिला."

माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला आठवत नाही. धावत रस्त्यावर गेलो. तुळशीराम बांधाच्या वाटेला लागला होता. हाक मारली तसा थांबला.

"पेपर कठीण होता का रे?"

"नाय."

"मग? काहीच येत नव्हतं?"

"सगळं येत होतं, सर."

मी त्याचे खांदे धरले. "मग लिहिलं का नाहीस? कशाला बसलास मग तीन तास?"

"तुमी बसायला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला काही उत्तर देता आलं असतं.

त्याच जागी, रस्त्याच्या धुळीत मी त्याला पहिला प्रश्न तोंडी घातला. का घातला मला सांगता येत नाही. त्याने एका दमात उत्तर सांगितलं. दुसरा घातला, त्याचंही. मग तो म्हणाला, "जाऊ?" मी खांदे सोडले.

वेणूला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर मनाशी वाद घातला. मी त्याच्या भल्यासाठीच केलं. त्याच्या जागी माझा मुलगा असता तर त्यालाही असंच केलं असतं.

आम्हाला मूल नाही, तेव्हा हे खरं की खोटं कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट लिहून ठेवतो. कात्री हातात असताना मी त्याच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मला आठवतं ते फक्त कापड, आणि बापाच्या जुन्या वहाणांत घातलेले त्याचे पाय. बोटं त्याने आत आवळून धरली होती. हातातलं काम नीट चाललं आहे, कात्री पायाला लागत नाही, एवढंच तेव्हा मनात होतं.

५ जून, गुरुवार

निकाल लागला. तुळशीरामचा नंबर नाही. असणार नव्हता, तरी मी यादी तीनदा वाचली. मधुसूदन तिसऱ्या वर्गात पास. पेढे घेऊन आला. मुंबईला कॉलेजात जाणार. पायात तीच विजार, कपाळावर केस आता दुसऱ्या तऱ्हेने, कारण म्हणे नवा खेळ आला आहे आणि त्यात कोंबडा नाही. जुनी फॅशन गेली, सर, असं हसत म्हणाला. वाकताना त्याने गुडघ्याशी कापड वर ओढलं. मी आशीर्वाद दिला.

७ जून, शनिवार

आठवीचे प्रवेश घेत तीन दिवस टेबलाशी बसलो आहे. दरवर्षी कामोठ्याच्या बाजूने पाच-सहा मुलं येतात. तुळशीराम आल्यापासूनच यायला लागली होती. या वर्षी एकही नाही. सोमवारी शाळा सुरू. उद्या स्वतः जाऊन येतो. तुळशीरामलाही सांगायचं आहे की ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, अर्ज मी भरीन.

८ जून, रविवार

पाऊस यायच्या आत मीठ उचलायची घाई चालली आहे. सगळा गाव कोंड्यांवर. डोक्यावर टोपल्या घेऊन बायका-पुरुष बांधावरून ओळीने ये-जा करतात आणि मिठाच्या राशींवर पेंढा घालतात.

काशिराम भेटला. पहिल्यासारखा धावत आला नाही, पण हात जोडले. मी मुलांचं विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आनंदाचा पोरगा यायचा व्हता. पांडूचा बी. आता त्यांच्या आया नाय बोलतात. मी समजावलां, मास्तर. बोललो, मास्तर वाईट नाय. पन बायका ऐकत नाय. बोलतात, काशिरामाचा पोर शिकून काय झाला त्ये बघतंव ना आमी."

"त्यांना सांगा, मी जबाबदारी घेतो."

"तुमी तुळशीची बी घेतलेली, मास्तर," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला टोमणा मारता येत नाही. त्याने फक्त आठवण करून दिली.

मी ऑक्टोबरच्या परीक्षेचं सांगितलं. "त्यालाच इचारा," म्हणून त्याने बांधाकडे हात केला.

बांध अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. मी निघालो आणि समोरून तुळशीराम आला. केस वाढले आहेत, विंचरलेले नाहीत. कमरेला फडका, डोक्यावर मिठाची भरलेली टोपली, पाणी कानामागून गळत होतं. मी वाटेत उभा. काय बोलायचं ते पनवेलपासून मनात जुळवत आलो होतो. अर्ज, तारीख, फी मी भरीन, पुस्तकं आहेतच.

तो बांधावरून खाली उतरला. गुडघ्याएवढ्या चिखलात, टोपली दोन्ही हातांनी सावरत, मला वाट देऊन उभा राहिला. त्याच्या मागच्या दोन बायकाही तशाच उतरल्या.

"तुळशीराम," मी म्हणालो.

"जा, सर. घसरडा हाय. सांभाळून."

मी पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो पुन्हा बांधावर चढत होता, एक पाय चिखलातून सुटत नव्हता.

ओझं त्याच्या डोक्यावर होतं. खाली मी उतरायला हवं होतं. हे मला शाळेच्या फाटकाशी आल्यावर सुचलं.